पंख कसे फुटले
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



परवा पहिला पाऊस झाला. आपण इथेच बसलो होतो. थोड्या वेळात दिव्याभोवती पंखवाली वाळवी जमली. पाटीवर पडली, वहीत पडली, कुणाच्या केसांत अडकली. शेवटी दिवा मालवून वर्ग बंद करावा लागला. सकाळी मी केरसुणीने पंख गोळा केले. सूपभर निघाले. तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं म्हणतात. मग देव पंख देतो कशाला?"

मी म्हटले, "आजी, ही मुंगी नव्हे, वाळवी. पण प्रश्न मोठा आहे. सोमवारी बोलू."

आज सोमवार आहे. आणि आज आणखी एक प्रश्न आपल्यापुढे आहे, तो तुम्हाला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात ग्रामसभा आहे. वाटेवरचा मोठा वड तोडावा, असा अर्ज आला आहे. वडावर वटवाघळे राहतात. ती जांभळे खातात, घाण करतात, रोग आणतात, अशी तक्रार आहे. एक दादा मला म्हणाले, "ते ना पाखरू, ना जनावर. असल्या बिनजातीच्या प्राण्याला कशाला सांभाळायचं?"

माझे मत मी लपवत नाही. वड राहावा असे मला वाटते. पण मास्तर म्हणतात म्हणून हात वर करू नका. आधी ऐका, मग ठरवा.

पाखरू की जनावर, हा प्रश्न मला जुना आहे. मी तीस वर्षांहून जास्त शाळेत शिकवले. "वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे," हे वाक्य मी मुलांकडून घोकून घेत असे. परीक्षेत एक मार्क मिळे. मुलांनी कधी 'कशावरून' विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. खरे म्हणजे मी वटवाघूळ जवळून पाहिलेलेच नव्हते.

ते पाहिले निवृत्त झाल्यावर. एकदा सकाळी बारवी धरणाच्या रस्त्याने चाललो होतो. विजेच्या तारांखाली एक मोठे वटवाघूळ मरून पडले होते. दोन तारांना एकदम पंख लागले असणार. मी हात लावला नाही. लावूही नये. काठीने पंख उघडला आणि तिथेच बसलो. पंख कसला, तो हात होता. दंड, कोपर, मनगट, आणि पुढे लांबच लांब बोटे. छातीशी एक पिल्लू चिकटले होते. तेही मेलेले. तोंडात आईचा स्तन होता.

अंडे नाही, चोच नाही, पीस नाही. अंगावर केस, पोटी पिल्लू, पिल्लाला दूध. गाईम्हशींच्या, कुत्र्यामांजरांच्या आणि आपल्या गोतातला प्राणी तो. मग त्याला पंख कुठून आले?

आता सगळ्यांनी एक हात पुढे करा. दुसऱ्या हाताने चाचपा. खांद्यापासून कोपरापर्यंत एक हाड लागते. कोपरापासून मनगटापर्यंत दोन. मनगटात बारीक बारीक हाडे. मग तळहात, मग पाच बोटे. लागले? बरे.

ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांनी पुढच्या वेळी पंखाचा तुकडा खाताना जरा थांबावे. तिथेही आधी एक हाड, मग दोन हाडे, मग टोक. टोकाला बोटे एकमेकांना चिकटून गेलेली दिसतात. बाजूला अंगठ्यासारखे एक लहान बोट निघते. म्हणजे कोंबडीचा पंखही हातच आहे. त्याला पिसे लावलेली आहेत, एवढेच.

वटवाघळाने पिसे लावली नाहीत. उल्हासनगरच्या बाजारातून आपण छत्री आणतो. तिच्या काड्या आठवा. काड्या म्हणजे वटवाघळाची बोटे आणि कापड म्हणजे त्याचे कातडे. चार बोटे लांब झाली आणि त्यांच्यामध्ये पातळ कातडे ताणले गेले. अंगठा मात्र मोकळा राहिला. त्याला वाकडे नख आहे. फांदीवर सरपटताना ते नख उपयोगी पडते.

हात एकच. कोंबडीने त्याचा एका तऱ्हेने पंख केला, वटवाघळाने दुसऱ्या तऱ्हेने. एकाने दुसऱ्याचे पाहून केले नाही. दोघांची वाट निराळी आणि काळही निराळा.

हा काळ किती, ते सांगणे अवघड आहे. कोटी वर्षे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काही येत नाही. माझ्याही येत नाही. म्हणून मी एक युक्ती काढली आहे. पट्टीवरची सगळ्यांत लहान रेघ तुम्हाला माहीत आहे, एक मिलीमीटर. एक वर्ष म्हणजे एक मिलीमीटर असे धरू. मुंबईचे मोठे स्टेशन, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे आजचा दिवस. तिथून रुळाच्या कडेने आपल्या गावाकडे चालत निघू. जितके चालू तितके मागच्या काळात जाऊ.

ऐंशी वर्षांच्या माणसाचे सगळे आयुष्य म्हणजे चार बोटे अंतर. अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे. ते येते एका मीटरच्याही आत. फलाटावर पाऊल टाकले की मंदिर मागे पडले. रामराज्य म्हणा, पांडव म्हणा, आपल्या आठवणीतले सगळे पहिल्या फलाटावरच संपते. आणि आपल्याला तर अजून बदलापूर गाठायचे आहे.

सर्वांत आधी हवेत कोण उडाले? पाखरू नव्हे, वटवाघूळ नव्हे. कीटक. त्यांच्या पंखांचे जुने ठसे दगडांत सापडतात. त्यांतले अगदी जुने ठसे ३२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या हिशेबाने कर्जत, लोणावळा, पुणे, दौंड सगळे मागे टाकून सोलापूरच्या वाटेला लागावे लागेल, तेव्हा पहिले पंख दिसतील. तेव्हापासून पुढे जवळजवळ दहा कोटी वर्षे हवेत दुसरे कोणी नव्हते. सगळे आकाश किड्यांचे.

पावसाळ्यानंतर भातावर चतुर फिरतात, ते तुम्ही रोज बघता. त्यांच्यासारखाच, पण दोन फूट पंखांचा एक किडा त्या काळी होता. फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणीत त्याचा ठसा मिळाला. दोन फूट म्हणजे आपल्या घारीच्या निम्म्याला जरा कमी.

किड्याचा पंख म्हणजे हात नव्हे. त्याला सहा पाय असतातच, पंख वेगळे. हे पंख कशाचे झाले, यावर विद्वानांत वाद आहे. काही म्हणतात, पाठीच्या कडेचे कवच वाढून झाले. काही म्हणतात, कोळंबीच्या गोतातल्या जुन्या पूर्वजांच्या पायाच्या मुळाशी एक तुकडा होता, तो वर सरकून पाठीला लागला, त्याचा पंख झाला. अलीकडे काही जण दोन्हींची सांगड घालतात. आपण तो वाद त्यांच्याकडे ठेवू.

त्यानंतर उडाले ते सरड्याच्या दूरच्या गोतातले प्राणी. टेरोसॉर असे त्यांना म्हणतात. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या रुळावर पुणे ओलांडले की ते भेटतात. त्यांनीही हाताचाच पंख केला, पण कसा पाहा. करंगळीशेजारचे बोट घ्या. ज्यात आपण अंगठी घालतो ते. ते एकच बोट अंगाहून लांब वाढले, आणि त्या बोटापासून कुशीपर्यंत कातडे ताणले गेले. एका बोटाचा पंख! त्यांतले काही चिमणीएवढे होते. काही एवढे मोठे, की पंख पसरले तर तीस फुटांच्या वर जात. आपली ही खोली वीस फुटांची आहे.

मग पाखरे. इथे जरा थांबू, कारण इथे पुरावा चांगला आहे.

पूर्वी आपल्याकडे पोथ्या शिळाछापावर छापत. सपाट दगडावर अक्षर काढायचे आणि त्यावरून कागद छापायचा. त्यासाठी फार गुळगुळीत दगड लागे. तसा दगड जर्मनीत एका ठिकाणी निघे. १८६१ साली त्याच खाणीतल्या दगडात एका प्राण्याचा सांगाडा सापडला. कावळ्याएवढा. अंगाला पिसे, अगदी पाखरासारखी. पण तोंडात दात! पंखांच्या बोटांना नख्या! आणि मागे सरड्यासारखे हाडांचे लांब शेपूट! वय १५ कोटी वर्षे. म्हणजे लोणावळ्याच्या पुढे, तळेगावच्या अलीकडे.

हा अर्धा सरडा, अर्धा पाखरू. तो पाहून विद्वान म्हणाले, पाखरे ही दोन पायांवर धावणाऱ्या डायनोसॉरांच्या वंशातली असावीत. डायनोसॉर म्हणजे ते जुने राक्षसी प्राणी. त्यांची हाडे आपल्या महाराष्ट्रातही निघाली आहेत, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावी. ती मात्र चार पायांवर चालणाऱ्या, पाला खाणाऱ्या डायनोसॉरांची. पाखरांचे पूर्वज त्यांच्या गोतातले, पण दुसऱ्या शाखेतले.

पुष्कळांना ते पटले नाही. डायनोसॉराला पिसे कशी असतील? मग १९९६ साली चीनमध्ये एका लहान डायनोसॉराचा सांगाडा पुढे आला. त्याच्या अंगावर केसांसारखी मऊ लव होती. त्यानंतर तसे अनेक मिळाले. कुणाला लव, कुणाला चांगली पिसे. आणि त्यांतले बरेचसे उडू शकत नव्हते.

आता खरा प्रश्न येतो. उडायचे नव्हते, तर पिसे कशाला?

कोंबडीचे पिल्लू हातात घ्या. त्याच्या अंगावर मऊ लव असते. तिने ते उडते का? नाही. तिने त्याला ऊब राहते. आणि मोराचा पिसारा? तो तर उडताना ओझेच होतो. तो लांडोरीला दाखवायला. तेव्हा पिसे आधी उबेला आली, दिखाव्याला आली, आणि मग कधी तरी उडण्याला उपयोगी पडली. घोंगडी पांघरायला विणतात. पण पावसात तिची खोळ करतात, आणि वेळ आली तर तिच्यात गवताचा भारा बांधतात. विणणाऱ्याने भारा मनात धरला नव्हता.

यावर आपल्यातल्या एका बाबांनी मला मागे विचारले होते, "मास्तर, अर्ध्या पंखाचा उपयोग काय? अर्धं चाक बैलगाडीला चालतं का?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आज देतो.

चकोर पक्षी तुम्ही गाण्यांत ऐकला आहे. चांदणे पिणारा. खरा चकोर हा तित्तिराच्या जातीचा, डोंगरात राहणारा. त्याच्या पिल्लांवर अमेरिकेतल्या एका अभ्यासकाने प्रयोग केले आणि २००३ साली छापले. पिल्लांचे पंख अर्धवट होते, उडता येत नव्हते. पण उभ्या चढावर पळताना ती पंख फडफडवीत आणि सरसर वर जात. पंखाच्या जोरामुळे पाय जमिनीला घट्ट धरीत. पंखांची पिसे कापली की तेवढा चढ जमेना. मागे कोल्हा लागला तर अर्धा पंख असलेले पिल्लू वाचेल. अर्धे चाक चालत नाही, बाबा, पण अर्धा पंख चालतो.

दुसरे उदाहरण आपल्या सह्याद्रीतले. भीमाशंकरच्या रानात शेकरू आहे. ती मोठी खार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब उडी घेते. तिला पंख नाही. त्याच सह्याद्रीच्या दाट रानात दुसरी एक खार आहे, रात्री फिरणारी. तिच्या पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडे आहे. उंच झाडावरून ती पाय पसरून सुटते आणि तरंगत दूरच्या झाडावर जाते. तिला उडती खार म्हणतात, पण ती वर चढू शकत नाही, तरंगत खालीच येते. आंबोलीला एक हिरवा बेडूक आहे. तो पायांच्या बोटांमधल्या कातड्यावर असाच तरंगतो. नुसती उडी, मग तरंगणे, मग फडफड, मग उडणे. या सगळ्या पायऱ्यांवर आजही कोणी ना कोणी बसलेले आहे. आणि जो तो आपल्या पायरीवर पोट भरतो आहे.

पण हे घडते कसे? भाताचे बियाणे आपण कसे ठेवतो? चांगली लोंबी निवडतो. पुढच्या वर्षी तिचेच पीक. पुन्हा त्यातली चांगली निवडतो. वीस वर्षांत भाताचा दाणा बदलतो. रानात निवडणारा माणूस नाही. तिथे पडणे निवडते, भूक निवडते, ससाणा निवडतो. झाडावरून पडलेल्या दहांत ज्याच्या कुशीचे कातडे जरा सैल, तो जरा हळू पडला आणि वाचला. त्याची पोरे त्याच्यासारखी. त्यांतही ज्याचे अधिक सैल तो अधिक वाचला. असे लाखो पिढ्या. आपण मुंबईहून इतके चालत आलो ते यासाठीच. थोड्या वर्षांत हे होत नाही.

मग देवाचे काय, असे आजींना वाटत असेल. आजी, मी तुमच्या देवाला हात लावत नाही. देवाने पंख दिले म्हणा. पण एका दिवसात दिले नाहीत, एकाच तऱ्हेने दिले नाहीत, आणि जवळ जे होते त्यातूनच करून घ्यायला लावले. एवढे दगडांवर लिहिलेले आहे. तुम्ही आता अक्षर वाचता. दगड वाचायलाही माणसे अशीच हळूहळू शिकली.

आता आपल्या गावात येऊ. रुळाने बदलापूर मुंबईपासून साधारण ६८ किलोमीटर. म्हणजे बदलापूर स्टेशनच्या जरा अलीकडे आपण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात असतो. तेव्हा इथे काय होते? इथे आग होती. जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. असे लाखो वर्षे चालले. तो रस थरावर थर निवाला आणि त्याचा काळा दगड झाला. मलंगगड त्याचा, माथेरान त्याचे, तुमच्या विहिरीला लागतो तो कातळ त्याचाच. अंबरनाथच्या देवळाचे चिरेही त्याच दगडाचे. त्याच सुमारास तिकडे मेक्सिकोत आकाशातून डोंगराएवढा गोळा पडला. धुळीने सूर्य झाकला. झाडे मेली, उपासमार झाली. डायनोसॉर गेले. एका बोटाच्या पंखांचे टेरोसॉर सगळेच्या सगळे गेले. पाखरांतही थोडीच तगली. आजची कोंबडी, कावळा, घार ही त्या तगलेल्यांची लेकरे. डायनोसॉर अगदी संपले असे म्हणता येत नाही. एक आत्ता अंगणात दाणे टिपतो आहे.

आणि पुढे कल्याण. कल्याण मुंबईपासून ५४ किलोमीटरच्या आत-बाहेर. ५.४ कोटी वर्षे! तिथे आपले वटवाघूळ भेटते. गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तान येथे कोळशाची खाण आहे. तिथे वटवाघळांचे बारीक दात आणि जबडे सापडले. २००७ साली आपल्या आणि परदेशी विद्वानांनी मिळून ते जाहीर केले. जगातल्या फार जुन्या वटवाघळांत त्यांची गणना होते. एक नव्हे, अनेक जातींची होती. म्हणजे तोवर त्यांचा संसार चांगला मांडलेला होता.

अमेरिकेतही जवळजवळ तेवढ्याच जुन्या काळचा एक पुरा सांगाडा मिळाला. २००८ साली त्याला नाव दिले. त्याच्या पाचही बोटांना नखे आहेत. आजच्या वटवाघळांत अंगठ्याला असते, फार तर शेजारच्या बोटाला. पंखही आखूड. झाडावर चढणारा हात आणि उडणारा पंख, दोन्ही एका ठिकाणी. हा प्राणी झाडावर चढत होता आणि उडतही होता.

मंडळी, पंख फुकट मिळत नाहीत. उडायला फार अन्न लागते, हलके हाड लागते, छातीला मोठे मांस लागते. गरज संपली की जीव पंख टाकून देतो. शहामृग उडत नाही. आपली गावठी कोंबडी कुंपणापर्यंत उडते, वाढवलेली ब्रॉयलर तेवढेही नाही. आणि वाळवी! आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता. वाळवीला पंख मरायला फुटत नाहीत. नवे घर करायला फुटतात. वर्षातून एकदा, पहिल्या पावसाला, जमीन मऊ झाली की वारुळातून नर-मादी बाहेर पडतात. थोडे अंतर उडतात, खाली उतरतात, आपले पंख आपणच झाडून टाकतात. मग जोडी जमिनीत शिरते आणि नवे वारूळ सुरू होते. पंख म्हणजे त्यांची लग्नाची वरात. सासरी पोचल्यावर घोडे सोडून देतात. हजारांतल्या बहुतेक पाली, बेडूक, कावळे खातात हे खरे. एखादी जोडी पोचते. जी पोचत नाही तेवढीच आपण दिव्याखाली पाहतो, म्हणून ती म्हण पडली असावी.

आता वडाचा प्रश्न. वटवाघळे दोन तऱ्हेची आहेत, ही गोष्ट अर्जात कुणी लिहिली नाही. एक बारीक, किडे खाणारी. त्यांचे अंग काड्यापेटीत मावेल एवढे. पूर्वी अंबरनाथला विमको कंपनीचा काड्यापेटीचा कारखाना होता, तुमच्यापैकी काहींचे वडील तिथे कामाला होते, म्हणून सांगतो. ती बारीक वटवाघळे तोंडाने बारीक आवाज काढतात. तो आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. आवाज किड्यावर आपटून परत येतो, त्यावरून अंधारात किडा पकडतात. भातावरचे आणि घरातले किडे ती खातात.

दुसरी मोठी, आपल्या वडावरची. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत चार फूट. ती डोळ्यांनी बघतात, वासाने फळ शोधतात. जांभळे खातात, हे खरे आहे. बदलापूरच्या जांभळाला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे, भाव बरा येतो, तेव्हा बागवाल्याचे नुकसान मी हसण्यावारी नेणार नाही. त्याने झाडाला जाळी लावावी, आणि त्याला ग्रामपंचायतीने मदत करावी, असे मी सभेत म्हणणार आहे. पण वड, उंबर, पिंपळ, जांभूळ यांचे बी रानात दूरवर कोण नेते? हेच. एका रात्रीत कोसच्या कोस जाऊन बी टाकून येतात. रानातली कितीतरी जांभळीची झाडे कुणी लावलेली नाहीत. मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. एकदा वस्ती उठली की लवकर भरून येत नाही.

रोगाचेही खरे ते सांगतो. त्यांच्या अंगात काही रोगांचे विषाणू असतात. २०१८ साली केरळात निपाहचा आजार झाला, तेव्हा फळखाऊ वटवाघळांतच त्याचे विषाणू सापडले. म्हणून अर्धवट खाल्लेले फळ खाऊ नये. पोरांना खाऊ देऊ नये. जांभळे धुऊन घ्यावीत. मेलेल्या किंवा पडलेल्या वटवाघळाला हात लावू नये. चावले तर साबणाने जखम धुऊन लगेच दवाखान्यात जावे. पण वड तोडला तर ती मरणार नाहीत. घाबरून चार वाड्यांत पसरतील. २०२० साली करोनाच्या भीतीने एका गावी वस्तीखाली धूर केला. मी त्या गावाचे नाव घेत नाही. पिल्ले खाली पडली, आणि पोरांनी ती हातात घेऊन खेळवली. भीती होती रोगाची, आणि केले ते नेमके उलटे.

कायद्याचेही ऐका. पूर्वी वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघूळ उंदीर आणि कावळ्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होते. २०२२ साली कायद्याची दुरुस्ती झाली आणि ती यादीच काढून टाकली. अर्ज करणाऱ्या दादांना मी हे आधीच सांगितले आहे. ते रागावले नाहीत. म्हणाले, सभेत बोला.

त्यांच्या "बिनजातीचा प्राणी" या बोलण्यावर एवढेच. जगात वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत. दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या दर पाच जाती घेतल्या, तर एक वटवाघळाची निघते. आणि दूध पाजणाऱ्यांत खरे उडणारे ते एकटेच.

सव्वासात वाजून गेले. पाऊस थांबला आहे. वह्या इथेच ठेवा आणि बाहेर चला. वडाच्या अगदी खाली उभे राहू नका, रस्त्याच्या कडेला या. बॅटऱ्या बंद. पश्चिमेला अजून उजेड आहे, तिकडे तोंड करा. आधी एक फांदीवरून खाली सुटेल, मग पंख उघडेल. मग पाठोपाठ सगळी निघतील. डोक्यावरून जाताना उजेडासमोर पंखातली बोटे दिसतात. आजी, तुम्ही पुढे या. मोजा बरे किती आहेत.